पडदीआडचा ओळंबा

सूतमामांचं खरं नाव त्यांच्या घराच्या दारावरसुद्धा लिहिलेलं नव्हतं. गवंडीकामात त्यांची पन्नास वर्षं गेली. त्यातली पहिली पाच सोडली तर उरलेली सगळी 'सूतमामा' म्हणूनच गेली. सरळ रेषेचं वेड माणसाला असावं तर किती? दवाखान्यात नंबर लावून बसले तरी उठून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. दुकानात गेले की एक डोळा मिटून फळ्या बघायचे आणि दुकानदाराला म्हणायचे, "डावीकडून बोटभर खाली गेलीय हो." त्यांची बायको हयात होती तेव्हा शेजारणींना सांगायची, "मी यांच्यासमोर केस विंचरत नाही बाई. भांगाला सूत लावून बघतील."

कामावर दुपारची भाकरी सोडली की सूतमामांच्या गोष्टी सुरू व्हायच्या, आणि त्यातली हमखास रंगणारी गोष्ट म्हणजे भिंतींच्या पोटात काय काय सापडलं याची. जुनं घर दुरुस्तीला काढलं की भिंत एकेक ऐवज बाहेर टाकते. प्लंबरचा पाना, सुताराची पेन्सिल, कुणाचा चष्मा, एकदा तर खालच्या दातांची कवळी. "वरचे दात घेऊन तो माणूस घरी काय सांगत गेला असेल, विचार करा!" असं म्हणून ते ओठ आत ओढून त्या माणसाचं बोलणं करून दाखवायचे. एका वायरमनला त्यांनी त्याचा टेस्टर नऊ वर्षांनी भिंतीतून काढून नेऊन दिला, तर तो पठ्ठ्या म्हणाला, "माझा नव्हेच. माझी वस्तू हरवतच नाही." हे सांगताना वायरमनही तेच व्हायचे, सूतमामाही तेच. माणसं पोट धरून हसायची.

स्वतःच्या एका हत्याराची गोष्ट मात्र ते सांगत नसत. ते हरवलं असं त्यांच्या लेखी नव्हतंच. ते चोरीला गेलं होतं, आणि कुणी चोरलं हे त्यांना ठाऊक होतं.

ते हत्यार म्हणजे त्यांच्या वडिलांचा पितळी ओळंबा. मुठीएवढा, भोवऱ्यासारखा, टोकाला निमुळता. दोरीला बांधून सोडला की भिंत खरं बोलते की खोटं ते दाखवणारा. वडिलांनी एक नियम घालून दिला होता आणि सूतमामांनी तो निष्ठेने पाळला होता. ओळंबा ज्याने लावायचा त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मध्ये दुसऱ्याचा हात आला की भिंतीला जबाबदार कोण, हे कळत नाही. दुसऱ्या हाताची परवानगी होती ती फक्त पिशवी उचलायला. दिवसभराचं काम झालं की सूतमामा दोरी गुंडाळून ओळंबा कापडी पिशवीत टाकायचे, आणि ती पिशवी खांद्याला लावून घरापर्यंत आणायचे दाजी.

दाजी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सूतमामा त्यांना दाजी म्हणायचे म्हणून सगळा मजूर नाका त्यांना दाजी म्हणायचा. शांत माणूस. अकरा वर्षं मेहुण्याच्या हाताखाली माल कालवला, विटा दिल्या, परांचीवर उभं राहून गिलावा केला, आणि कधी आवाज चढवला नाही. थट्टा मात्र करायचे. त्या ओळंब्यावरूनच म्हणायचे, "दादा, याच्या वजनाने माझा एक खांदा खाली आलाय. एक दिवस भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो बघा."

हे बोलल्यानंतर महिन्याभराने ओळंबा गेला.

त्या वेळी एका शाळेतल्या बाईंच्या नव्या घराचं काम चालू होतं. संध्याकाळी घरी येऊन पिशवी उलटी केली तर थापी, रंधा, सुताचं बंडल, सगळं होतं, ओळंबा नव्हता. सूतमामांना लख्ख आठवत होतं की दोरी गुंडाळली, पिशवीत टाकला. अठ्ठावीस वर्षं रोज केलेली गोष्ट होती ती. रोजची सवय आठवणीचं सोंग घेऊन समोर उभी राहिली, तर माणसाला ती ओळखू येत नाही.

तीन दिवस त्यांनी तोंड मिटून काढले. चौथ्या दिवशी दाजींवरचा संशय बहिणीच्या कानावर घातला. पाचव्या दिवशी सकाळी पिशवीत एक नवा कोरा ओळंबा निघाला. दाजींनी विकत आणून ठेवला होता. "असू द्या दादा, काम अडायला नको," एवढंच ते म्हणाले. सूतमामांच्या डोक्यात वीज चमकावी तसं झालं. ज्याने नेला नाही, तो भरपाई कशाला करेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी, मजूर नाक्यावर पन्नास-साठ माणसं उभी असताना, सूतमामांनी पिशवी दाजींच्या खांद्यावरून ओढून घेतली आणि ओरडले, "माझ्या बापाची वस्तू विकून खाल्ली या माणसाने! बहिणीचा नवरा म्हणून घरात घेतला. ऐका रे सगळे, याला कामावर घ्याल तर हत्यारं मोजून ठेवा!" दाजींच्या मुठीत फडकं होतं, ते त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि चालू लागले. नाक्यावर त्यांना पुन्हा कुणी हाक मारली नाही. पुढे त्यांनी फरशीच्या दुकानात गाड्या उतरवल्या, मग एका गोदामावर पहारा केला, आणि तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या आजाराने गेले. त्या दिवशी सूतमामा बहिणीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. तिथून दारात जमलेली माणसं दिसली, आणि ते परत फिरले.

दोघा भावंडांत बोलणं नाही याला बावीस वर्षं झाली.

आणि आता त्याच बाईंचा निरोप आला. बाई निवृत्त झाल्या होत्या, घर दुरुस्तीला काढलं होतं, आणि बाथरूमच्या भिंतीतून पाणी पाझरत होतं. सूतमामा मोठी कामं घेत नसत, पण या कामाला नाही म्हणवेना.

"तुम्हीच बांधलीय, तुम्हीच फोडा," बाई दारातच म्हणाल्या. "दुसऱ्याने फोडली तर तुम्ही मला बोलणार."

"बोलणारच. पण बाई, फोडायचं म्हणू नका. मी उकलतो."

पाइप झाकण्यासाठी बाथरूमच्या कोपऱ्यात अर्ध्या विटेची एक पडदी उभी केलेली होती, आत हातभर पोकळी. टाइल निघाल्या, गिलावा निघाला. विटा काही सुटेनात. सूतमामा खूश. "बघा बाई, माल कसा कालवलाय! बावीस वर्षं पाणी पितोय आणि अजून धरून आहे."

"माल कुणी कालवला होता? तुमच्याबरोबर ते एक गृहस्थ असायचे ना? फार गरीब स्वभावाचे. ते काय करतात हल्ली?"

"नाहीत आता," सूतमामा म्हणाले आणि पुढचा घाव घातला.

वरच्या पाच थरांतली मधली वीट निघाली. आत अंधार होता. कुठला पाइप गळतोय ते चाचपायला त्यांनी हात घातला, तर बोटांना दोरी लागली. वाटलं, जुनी वायर असेल. ओढली. दोरी जड होती. सोडली तशी आत काहीतरी हेलकावलं आणि पाइपावर आपटलं. टण्.

सूतमामांनी तो आवाज बावीस वर्षांत ऐकला नव्हता, पण ऐकल्याबरोबर ओळखला.

त्यांनी आणखी दोन विटा काढल्या आणि बॅटरी लावली. वरच्या तुळईत खिळा होता, खिळ्याला नायलॉनची दोरी. दोरीच्या टोकाला काळवंडलेला ओळंबा अजून डुलत होता. बघता बघता तो स्थिर झाला. खिळ्याला मारलेली गाठ डावखुऱ्या माणसाची होती. गाठोड्यावर, पिशवीच्या नाडीवर, बुटांवर, सूतमामा आयुष्यभर तीच गाठ मारत आले होते.

मग सगळं एकेक करून वर आलं. त्या दिवशी वारा सुटला होता. दारंखिडक्या बसायच्या होत्या, घरभर वारा फिरत होता आणि ओळंबा काही केल्या थांबत नव्हता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो पडदीच्या आतल्या अंगाने सोडला, वाऱ्याच्या आड. टाइलवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. पडदी झाली नसती तर तो दुसरं काम धरून पंधरा दिवस गायब झाला असता. दाजी दुपारीच वाळू आणायला गेले होते. ते येईपर्यंत सूतमामांनी एकट्याने वरचे पाच थर चढवले, तुळईला भिडवले आणि गिलाव्याचा पहिला हातही मारला. ते पाच थर आपण अर्ध्या तासात चढवले, हे त्यांनी नंतर कितीतरी लोकांना छाती फुगवून सांगितलं होतं. एकट्याने. दुसरा कुणी नव्हता तिथे.

"सापडलं का गळकं ठिकाण?" बाईंनी बाहेरून विचारलं.

"सापडलं," सूतमामा म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून बाई धावत आत आल्या.

दुपारी सूतमामा बहिणीच्या दारात उभे होते. दोन खोल्यांचं घर. खिडकीशी ती शर्टांना काज-बटणं करत बसली होती, मांडीवर एका शिंप्याच्या दुकानाचा गठ्ठा. दार उघडंच होतं.

"कोण हवंय?" तिने विचारलं. ओळखलं तर कधीच होतं.

"ठके, मी."

"ठकी म्हणवून घेणारं आता इथे कुणी राहत नाही. बोला, काय काम होतं?"

सूतमामांना ते 'बोला' गालात चपराक बसल्यासारखं लागलं. लहानपणी ही पोरगी त्यांच्या पाठीवर बसून 'पळ रे दादा, पळ' म्हणायची. त्यांनी फडक्यात गुंडाळलेली वस्तू बटणांच्या डबीशेजारी ठेवली आणि फडकं सोडलं.

ती बघत राहिली. सूतमामा बोलत सुटले. वारा, टाइलवाला, वाळू, पाच थर. एकही गोष्ट त्यांनी झाकली नाही. स्वतःला वाचवेल असा एक शब्द वापरला नाही. बोलून झाल्यावर ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "त्यांनी हात लावला नव्हता, ठके. माझा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मी पापी. मला चपलेने मार."

त्यांना वाटलं होतं, ती रडेल. किंवा खरंच मारेल. किंवा निदान, आपला नवरा निर्दोष ठरला म्हणून तिच्या तोंडावर थोडा उजेड येईल. येताना रस्ताभर त्यांनी हाच एक विचार धरून ठेवला होता. मला नाही तर नाही, तिला तरी काही मिळेल.

तिचा चेहरा पांढरा पडला.

"चौथ्या दिवशी," ती म्हणाली, "मी यांना विचारलं होतं."

"काय?"

"जेवत होते. मी म्हटलं, खरं सांगा, नेलात का? दादा खोटं बोलणार नाही. नेला असेल तर आणून द्या आणि संपवा." तिने सुई गठ्ठ्यात खोचली. "त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून जेवण संपवलं आणि आपलं ताट आपण धुतलं. त्या दिवसापासून शेवटपर्यंत, दादा, त्यांनी मला आपलं ताट धुऊ दिलं नाही. आजारी पडले तरी भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचे. मी म्हणायची, काय हा हट्ट! दुसऱ्या दिवशी नवा ओळंबा घेऊन आले. मला वाटलं, आणलाच ना शेवटी? म्हणजे नेला होता."

सूतमामांनी कानांवर हात नेले, पण ठेवले नाहीत.

"शेवटी शेवटी तर ते स्वतःच म्हणायला लागले होते. तापात असायचे. पिशवी बघितलीस का, वाळूत बघितलंस का, माझ्याच हातून कुठे पडला असेल. आणि मी काय म्हणायची माहितीये? असू द्या, मी माफ केलंय तुम्हाला." तिचा आवाज एकाएकी फुटला. "माफ केलं होतं रे मी त्यांना! एकोणीस वर्षं चोराशी संसार केला, वर त्याला माफ केलं, याचं मला कौतुक वाटायचं. मनातल्या मनात मी फार मोठी होते. कशाबद्दल माफ केलं मी त्यांना? सांग ना! तू सांग!"

त्या रागात ती 'तू'वर आली, आणि सूतमामांना त्याचंही काही सुख वाटलं नाही.

"तू हा भिंतीतच राहू द्यायला हवा होतास," ती म्हणाली. "तुझं ओझं उतरवायला आलास. ते आता मी कुठे उतरवू? मला कुणाच्या दारात जाता येणार?"

खाली रस्त्यावर कुणीतरी भांड्यांची गाडी ढकलत नेत होतं.

"मी काय करू ते सांग," सूतमामा म्हणाले. "तू म्हणशील ते करीन."

"तू कुठे बोलला होतास ते?"

"नाक्यावर."

"मग तिथेच बोल. उद्या सकाळी. मी येते ऐकायला."

सकाळी नाक्यावर गर्दी होती. कुणाच्या हातात रंगाचे रोलर, कुणाच्या पाठीवर ड्रिल मशीनची पेटी. सूतमामा तिथे पोचताच चार-पाच जणांनी घेरलं. "काका, प्लास्टर का? टाइल? किती माणसं पाहिजेत?"

"माणसं नकोत," ते म्हणाले. "मला एक सांगायचंय. इथे पूर्वी दाजी म्हणून एक जण होते. माझे मेहुणे. मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता. तो खोटा होता. वस्तू माझ्याच हातून..."

"कोण दाजी?" एकाने विचारलं.

"आपल्याला नाही माहिती, काका. आम्ही चार वर्षं झाली इथे येतोय."

"काम नाही होय? मग सरका, गिऱ्हाईक दिसत नाही तुमच्यामुळे."

सूतमामा एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ज्यांनी त्या दिवशी ऐकलं होतं त्यांतलं कुणी उरलं नव्हतं. काही गेले होते, काही म्हातारे होऊन घरी बसले होते. उरला होता तो कोपऱ्यावरचा चहावाला. त्याने किटली खाली ठेवली आणि डोळे बारीक केले. "दाजी? तो ओळंबा मारला होता तोच ना? आहे की ध्यानात."

"त्यांनी नाही मारला," सूतमामा म्हणाले. "तो भिंतीत होता. मीच ठेवला होता."

"असं होय?" चहावाला म्हणाला आणि ग्लास विसळायला लागला. "बरं झालं, मिळाला."

रस्त्याच्या पलीकडे ती उभी होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हातात काही नाही. ती रस्ता ओलांडून आली आणि भावासमोर थांबली.

"मला ऐकू आलं नाही."

"मी सांगितलं, ठके. सगळं सांगितलं. पण इथे आता कुणी..."

"त्या दिवशी मी दोन गल्ल्या पलीकडे नळावर होते," ती म्हणाली. "तिथे ऐकू आलं होतं मला. हंडा अर्धा भरला होता. शब्द न् शब्द ऐकू आला होता."

अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने मग बंद दुकानाच्या पायरीवर चढून, शटरला पाठ लावून, होता नव्हता तेवढा श्वास छातीत भरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज पहिल्या वाक्याला चिरकला, दुसऱ्याला लागला. माणसं वळून बघायला लागली. रस्त्यापलीकडच्या घराची एक खिडकी उघडली. त्यांनी दाजींचं पूर्ण नाव घेतलं, कुणाचा मुलगा ते सांगितलं, किती वर्षं कुणाच्या भिंती बांधल्या ते सांगितलं. अकरा वर्षांत एक खिळा इकडचा तिकडे केला नाही, असं सांगितलं. पाच थरांपाशी ते आले, तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने बोटं दाखवून वीस माणसं मागितली, आणि जवळजवळ सगळा नाका तिकडे धावला. सूतमामा थांबले नाहीत. पाठमोऱ्या माणसांना, धुराला, ग्लास विसळणाऱ्या चहावाल्याला त्यांनी उरलेलं सगळं त्याच आवाजात सांगितलं. त्यांच्या नाकातोंडातून पाणी येत होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

झाल्यावर ते पायरीवरून खाली आले आणि बहिणीच्या तोंडाकडे बघू लागले. तिथे मऊ पडलेलं काही त्यांना दिसलं नाही.

"अर्धी माणसं ट्रकमध्ये गेली," ती म्हणाली. "त्यांनी शेवट ऐकला नाही. उद्या परत ये."

"येतो," सूतमामा म्हणाले.

"आणि दादा, उद्या मीही बोलणार आहे. माझंही सांगायचं राहिलंय."

ती रस्ता ओलांडून तिच्या वाटेने निघून गेली.